भेग रंगवावी काय?

शिडाच्या जहाजाच्या नाळेवर, पुढे झेपावलेल्या काठीखाली, कोरीव लाकडी मूर्ती बसवीत असत. खाऱ्या पाण्याचा मारा सोसून ती विटे, आणि खलाशी तिला फिरून रंग देत. पुढे वाफेची जहाजे आली, नाळेची घडण सरळ झाली. काही मूर्ती संग्रहालयांत पोहोचल्या, बाकीच्या कुजल्या.

मंदीच्या काळात, १९३५ ते १९४२ या वर्षांत, अमेरिकेच्या सरकारने बेकार चित्रकारांना जुन्या कारागिरीच्या वस्तू जलरंगांत हुबेहूब उतरविण्याचे काम दिले. ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’ या नावाची ती सुमारे १८,००० चित्रे आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. त्यांत या नाळमूर्तीही आहेत: कोऱ्या कागदावर, समुद्रावाचून, एकट्या. रंगीत छायाचित्रण तेव्हा भरवशाचे नव्हते, म्हणून कुंचला. चित्रकाराने मात्र स्वतः मध्ये यावयाचे नाही.

ही अपेक्षा मला प्रथम अन्यायाची वाटली. पोटासाठी आलेल्या कलावंताला त्याचे कलावंतपण दाराबाहेर ठेवावयास सांगणेच ते! पण ही चित्रे पाहता पाहता तक्रार मावळली. कारण हुबेहूब म्हणजे कोणाशी प्रामाणिक? मूर्तिकाराच्या मनात गालावरची भेग नव्हती. ती वगळली तर त्याच्याशी इमान राहते. रंगविली तर समोरच्या लाकडाशी, त्याने काढलेल्या वर्षांशी. इथे चित्रकाराला निवड टळत नाही, आणि निवड आली की तो मध्ये आलाच. या चित्रकारांनी बहुधा भेग ठेवली, उडालेला रंगही ठेवला.

माझ्या आजीचे एकच छायाचित्र होते. डागाळले म्हणून दुरुस्तीस दिले. डाग गेले, सोबत सुरकुत्याही गेल्या. कारागिराचा हेतू निर्मळच होता. आजीला आपण सुंदर केले असे त्याला वाटले असेल. आईने ते हाती घेतले आणि विचारले, “ही कोण?”

जलरंगात फिकट आधी, गडद शेवटी. म्हणजे गाल, कपाळ, वस्त्राच्या चुण्या असे थरावर थर चढत असताना कागदावरची ती स्त्री बराच काळ अभंगच राहिली असणार, कदाचित सागरावर पहिल्यांदा निघाली त्या दिवसाइतकी. मग चित्रकाराने बारीक कुंचला गडद रंगात बुडविला, समोरच्या लाकडाकडे पुन्हा एकदा पाहिले, आणि भेग ओढली.