हे कुणाच्या हातचं?

चैत्रात गोव्यातल्या डिचोली-पेडण्याच्या डोंगरउतारांवर बायका भल्या पहाटे काजूच्या बागेत शिरतात. पाला सारून गळलेला बोंडू उचलायचा. पीळ देऊन बी वेगळी करायची. रसाचे डाग लुगड्यावर राहतात. इथल्या कित्येक झाडांना रासायनिक खत माहीतच नसतं.

दुकानात काजू घेताना आपण फक्त भाव विचारतो. कधी हेही विचारू या, हे कुणाच्या हातचं? बाहेरची स्वस्त बी गोव्याच्या नावावर खपते, तेव्हा इथल्या बागायतदाराचं मोल उतरतं. गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन आहे. पाकिटावर ते शोधा.

हे कुणाच्या हातचं, असं विचारणं म्हणजे कष्टांना मान देणं. काजूच नव्हे, कॉफी घेतानाही विचारा. चार पैसे जास्त जातील. ते मळ्यापर्यंत पोचतात ना, तेवढं मात्र पाहा.