सोबत कोणाची, सोय कोणाची?

घरातल्या दोन गिनिपिगपैकी एक गेला की उरलेल्याचे वागणे बदलते. कोथिंबिरीच्या पिशवीची सळसळ ऐकताच शीळ घालणारा जीव कोपऱ्यात अंग चोरून बसतो, समोरच्या गवताला तोंड लावत नाही. मुले हिरमुसतात आणि ‘याला जोडीदार आणू’ असे घरात ठरूनही जाते. भिवंडीतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये असा प्रसंग आला, तर तो खरेदीचा प्रश्न वाटतो: दुकान कुठले, रंग कुठला, किंमत किती. मुळात तो नीतीचा प्रश्न आहे. एकट्या पडलेल्या पाळीव जीवाला सोबत मिळवून देणे हे आपले कर्तव्यच आहे, कारण त्याचे एकटेपण आपण घडवलेले आहे. पण हे कर्तव्य दुसऱ्या जीवाच्या जिवावर फेडता येत नाही. म्हणूनच कधी कधी सोबत आणण्यापेक्षा, जिथे सोबत आहे तिथे आपला लाडका देऊन टाकणे हेच योग्य ठरते.

आधी पुरावा पाहू. गिनिपिग हा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतराजीत हजारो वर्षांपूर्वी माणसाळलेला, कळपाने राहणारा प्राणी. जर्मन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ नॉर्बर्ट साक्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्राण्यावर दीर्घकाळ काम केले. अनोळखी पिंजऱ्यात एकट्या ठेवलेल्या नराच्या रक्तात ताणाचे संप्रेरक वाढते; जिच्याशी त्याची जवळीक आहे अशी मादी सोबत असेल तर ही वाढ बरीच कमी होते, मात्र परकी मादी शेजारी असूनही तसा आधार मिळत नाही, असे त्यांना आढळले. स्वित्झर्लंडने 2008 सालच्या नियमांत गिनिपिग एकटा पाळण्यास मनाई केली. आपल्याकडे इतका नेमका नियम नाही. पण 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे तिसरे कलम प्राण्याच्या कल्याणाची जबाबदारी पाळणाऱ्यावर टाकते, आणि सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 च्या जल्लिकट्टू निकालात प्राण्याला त्याच्या स्वभावाप्रमाणे वागता येणे हा त्याच्या कल्याणाचा भाग मानला. कळपातल्या जीवाचा स्वभाव एकट्याच्या पिंजऱ्यात कसा प्रकट होणार?

यावर पहिला आक्षेप असा की, आम्ही आहोत की त्याच्या सोबतीला! आहात, पण शाळा, नोकरी आणि झोप यांतून उरलेल्या वेळापुरते. त्याच्या गुरगुरण्याला त्याच आवाजात उत्तर देणे, अंगाला अंग लावून निजणे आपल्याला जमणारे नाही. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. ज्या गावात यंत्रमागाची खडखड रात्रंदिवस चालते, उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेले कामगार घरापासून शेकडो कोसांवर दाटीवाटीच्या खोल्यांत दिवस काढतात, तिथे गिनिपिगच्या एकटेपणाची चिंता म्हणजे भरल्या पोटाचे चोचले नव्हेत का? उलट, गर्दी म्हणजे सोबत नव्हे हे भिवंडीइतके कोणत्या गावाला कळावे? पाळी संपवून आलेला कामगार चार माणसांत बसूनही गावाकडच्या फोनची वाट पाहतोच. त्याच्या प्रश्नाचे गांभीर्य गिनिपिगमुळे कमी होत नाही. भूतदया शिधापत्रिकेवर मोजून मिळत नाही. शिवाय गिनिपिग पाळाच असे कोणी सांगितलेले नसते. पिंजऱ्याचे दार आपण लावले, म्हणून आतल्या जीवाचे उत्तरदायित्वही आपलेच.

आता नव्या जोडीदाराच्या बाजूने पाहू. तो आपल्या गिनिपिगच्या दुःखावरचे औषध नाही. त्यालाही स्वतःचे पाच ते आठ वर्षांचे आयुष्य आहे. आधी जुन्याला पशुवैद्याकडे न्यावे. खाणे थांबलेल्या गिनिपिगचे पचन बघता बघता बिघडते, आणि ज्याला आपण शोक समजतो तो दातांचा किंवा पोटाचा आजारही असू शकतो. मग जोडीदार कोणता? ससा नको, त्याचा आहार वेगळा, लाथ जबर आणि त्याच्याकडून श्वसनाचा संसर्ग होण्याची भीती. नर-मादी एकत्र ठेवायचे तर नराची नसबंदी हवी, नाहीतर सुमारे दोन महिन्यांत पिल्ले होतात आणि एका एकट्याच्या जागी चार निराधार उभे राहतात. नव्याला दोन-तीन आठवडे वेगळे ठेवावे. मग दोघांनाही परक्या असलेल्या जागेत, गवताचे दोन ढीग आणि दोन तोंडांची लपायची खोकी ठेवून गाठ घालून द्यावी. थोडा पाठलाग, थोडे गुरगुरणे चालते. दात कडकडू लागले, रक्त निघाले, तर थांबावे. एवढे करूनही दोघांचे पटेलच असे नाही. न पटल्यास दोन पिंजरे, दुप्पट खर्च आणि एप्रिल-मे महिन्यांत दोघांनाही उष्माघातापासून जपणे, ही तयारी आधीच हवी.

तिसरा आक्षेप हिशेबी आहे आणि खराही. दोघांतला एक मेला की पुन्हा एक उरणार, त्याला पुन्हा जोडीदार. या साखळीला अंत कुठे? अंत आहे, पण त्यासाठी मालकीची भावना सैल करावी लागते. दुकानातून नवे पिल्लू आणण्याऐवजी दुसऱ्या घरात असाच मागे राहिलेला गिनिपिग आणावा, म्हणजे दोन एकटेपणे एकदम मिटतात. तेही जमत नसेल, तर आपलाच गिनिपिग तीन-चार गिनिपिग नीट सांभाळणाऱ्या घरी द्यावा. इथे प्रेमाची खरी परीक्षा होते. महाराष्ट्राने ती 2025 च्या जुलैत फार मोठ्या आकारात पाहिली. नांदणीच्या जैन मठात तीन दशकांहून अधिक काळ राहिलेल्या महादेवी हत्तिणीला जामनगरच्या ‘वनतारा’ या प्राणी-पुनर्वसन केंद्रात पाठवण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला आणि कोल्हापूर जिल्ह्यात हजारो लोक रस्त्यावर उतरले. त्यांचे प्रेम खोटे नव्हते. वनतारा हेच योग्य ठिकाण का, यावर वाद होऊ शकतो. परंतु हत्तीण हा कळपाने राहणारा प्राणी आहे आणि भक्तांची गर्दी म्हणजे कळप नव्हे, या मुद्द्याला त्या प्रेमाकडे उत्तर नव्हते.

देऊन टाकणे म्हणजे जबाबदारी झटकणे, असे कोणी म्हणेल. नव्या घरी जागा, आहार आणि इतर प्राण्यांशी पटते की नाही हे न पाहता दिले, तर ते झटकणेच आहे. पाहून, लागल्यास परत घेण्याची तयारी ठेवून दिले, तर ती जबाबदारीची पूर्ती आहे. मुलांनाही यातून कळेल की जीव लावणे आणि जवळ ठेवणे या गोष्टी दरवेळी एकत्र जात नाहीत. पण सगळ्यात प्रामाणिक निर्णय याच्याही आधी घ्यायचा असतो. ज्या घरात दोघांची जागा नाही, दोघांचा खर्च झेपत नाही आणि मागे राहणाऱ्याची तजवीज नाही, त्या घराने पहिलाही आणू नये.