हजेरीपटावरचे नाव

2025 च्या जून महिन्यात हिंगोलीत आमच्या मोहल्ल्यात मुर्शिदाबादचे एक गवंडी कुटुंब भाड्याने राहायला आले. त्यांचा आठ वर्षांचा मुलगा दिवसभर वाळूच्या ढिगावर खेळायचा. शाळेत का घालत नाही, असे विचारल्यावर बाप हळूच म्हणाला, "चाचा, नाव घातले की कागद मागतील. कागद गावी आहेत. शाळेतून कुणी पोलिसांना कळवले तर?"

आम्ही चार शिकलेली माणसे होतो. आम्ही म्हणालो, "थोडे थांबा. वातावरण निवळू द्या." हे शहाणपण होते की भित्रेपणा, हा प्रश्न तेव्हापासून आमची पाठ सोडत नाही.

त्याची भीती पोकळ नव्हती. 2019 मध्ये आसामच्या नागरिक नोंदणीतून 19 लाखांवर माणसे वगळली गेली. त्या हिवाळ्यात आम्हीही आजोबांचे निजामाच्या काळातले उर्दू दाखले ट्रंकेतून काढून पाहिले होते. एका कागदावर 'शेख', दुसऱ्यावर 'सेख'. 2020 च्या जानेवारीत शेजारच्या बिदरमध्ये नागरिकत्वाच्या कायद्यावर नाटक केले म्हणून पोलिसांनी शाळेत येऊन लहान मुलांची चौकशी केली. मुख्याध्यापिका आणि एका मुलीची आई तुरुंगात गेल्या. गणवेशातील सशस्त्र पोलिसांनी मुलांना असे प्रश्न विचारणे बेकायदा असल्याचे मत पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाने नोंदवले. 2023 मध्ये खटलाही रद्द झाला. पण ज्या आईला लेकरापासून दूर ठेवले गेले, तिचे ते दिवस कोण परत देणार?

देशात कोण राहतो हे पाहण्याचा सरकारला हक्क आहे, हे आम्ही नाकारत नाही. त्यासाठी पोलीस आहेत, न्यायालये आहेत. ते काम शाळेचे नाही. संविधानाच्या 21-अ कलमात सहा ते चौदा वयाच्या सर्व बालकांना शिक्षण देण्यास सांगितले आहे. तिथे 'नागरिक' हा शब्दच नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. यामागे साधे शहाणपण आहे. आपल्याकडे घरी बाळंतपण झालेल्या, जन्मनोंद न झालेल्या कितीतरी माणसांचा पहिला कागद म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. कागद देणारी शाळाच आधी कागद मागू लागली, तर गरिबाने सुरुवात कुठून करायची?

आता आमच्याबद्दल. ते कुटुंब आले तेव्हा आमच्यातच कुजबुज झाली होती, "हे खरंच बंगालचे की पलीकडचे?" जो संशय आपल्यावर घेतला की आपले काळीज जळते, तोच आम्ही त्या गवंड्यावर घेतला. याच जिल्ह्यातल्या नरसीच्या नामदेवांना दूर पंजाबातल्या घुमानने आपले मानले. आम्हाला मात्र शेजारची खोली परकी वाटली.

अखेर सप्टेंबरमध्ये आमच्यापैकी दोघे बापासोबत शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी नाव विचारले, वय विचारले, आणि मुलाला बाकावर बसवले. एवढेच. ज्या दाराला आम्ही तीन महिने भ्यालो, ते उघडेच होते.

हजेरीपटावर त्याचे नाव सर्वांत शेवटी आहे. त्याआधीचे तीन महिने कोरे आहेत. ते कुठल्या सरकारच्या नव्हे, आमच्या खात्यावर जमा आहेत.