भाड्याचा हक्क आणि गळके छत





गेल्या पावसाळ्यात जुम्याच्या नमाजनंतर एक गृहस्थ भेटले. निवृत्तीच्या पैशांतून घेतलेले छोटे घर त्यांनी भाड्याने दिले होते. छत गळू लागले आणि दुरुस्तीचा खर्च चार महिन्यांच्या भाड्याएवढा निघाला. त्यांनी विचारले, "मौलाना, घरात राहतो भाडेकरू. मग हा खर्च त्याच्या अनामत रकमेतून कापला तर काय हरकत?"

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. व्याज हराम आणि भाडे हलाल का, याचा विचार केला की उत्तर सापडते. पैसा दोन्हींत दरमहा येतो. परंतु व्याज घेणाऱ्याचे मुद्दल ऋणकोच्या माथी सुरक्षित असते. घरमालक मात्र आपल्या वस्तूची जोखीम स्वतः वाहतो. ह. आयशा (र.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांनी लाभाचा हक्क जबाबदारीशी जोडून दिला आहे. भाडे आपले आणि गळके छत दुसऱ्याचे, असे म्हणणारा त्या हक्काचा पायाच काढून घेतो.

म्हणूनच फुकहांनी छत, भिंती आणि वापरात अडथळा आणणारे दोष दुरुस्त करण्याची जबाबदारी मालकावर ठेवली. भाडेकरू हा त्या घराचा अमीन आहे. त्याच्या हलगर्जीपणाने किंवा मर्यादा ओलांडल्याने नुकसान झाले, तरच भरपाई त्याच्याकडे मागता येते. अर्थात, ओल दिसताच मालकाला कळवणे हे त्या अमीनपणाचेच अंग होय. आपल्या राज्याचा 1999 चा भाडे नियंत्रण कायदाही घर सुस्थितीत राखण्याचे कर्तव्य मालकावरच सोपवतो.

आणि 'अनामत' हा शब्द तरी कोठून आला? तो 'अमानत'चेच मराठी रूप आहे. मुदत संपताच ती रक्कम परत करणे भाग आहे. तिच्यातून आपला खर्च भागवणे ही खियानत ठरेल.

मग अचानक आलेल्या खर्चाला तोंड कसे द्यावे? ह. यूसुफ (अ.) यांनी सुकाळाच्या सात वर्षांत दुष्काळाचे धान्य राखून ठेवण्यास सांगितले. पुढचा विचार करणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही, हे या प्रसंगातून शिकावे. हाती आलेले सारे भाडे उत्पन्न समजू नका. त्यातला काही भाग घराचाच माना. तो छतासाठी, नळांसाठी आणि घर रिकामे राहील त्या महिन्यांसाठी वेगळा ठेवा. घर घेण्यापूर्वीच हा हिशेब मांडा. पूर्ण भाड्याच्या भरवशावर हप्ते आणि घरखर्च बांधून घेणारा माणूस पहिल्याच पावसात दुसऱ्याच्या खिशाकडे पाहू लागतो.

कधी संकट भाडेकरूवर येते. नोकरी जाते, आजारपण येते. अडचणीतल्या ऋणकोला सवड द्या आणि माफ केलेत तर ते तुमच्यासाठी अधिक चांगले, अशी शिकवण सूरह अल-बकराच्या 280 व्या आयतीत आहे. थकलेले भाडे हेही ऋणच आहे. आपल्याला दुरुस्तीसाठी सवड हवी असते, तशी त्यालाही हवी असते.

ते गृहस्थ क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "दुरुस्ती टप्प्याटप्प्याने करीन, पण अनामतीला हात लावणार नाही." त्यांची रक्कम कमी झाली असेल, कमाई मात्र पाक राहिली.

अल्लाह आपल्या घरांत आणि कमाईत बरकत देवो, अमानत सांभाळण्याची तौफिक देवो. आमीन.