घरी जाऊन काय सांगायचं?

वाचन : मार्क ५:१–२०

गरसेकरांच्या प्रदेशातला अशुद्ध आत्म्याने पछाडलेला तो माणूस बरा झाला, तेव्हा त्याने प्रभूकडे एकच मागणं केलं : मला तुझ्याबरोबर येऊ दे. प्रभूने ते मान्य केलं नाही. घरी जा, आपल्या माणसांत जा, आणि परमेश्वराने तुझ्यासाठी केवढं केलं, तुझ्यावर कशी दया केली, ते त्यांना सांग, अशी आज्ञा त्याला मिळाली.

त्या माणसाची आधीची दशा मार्कने सविस्तर लिहिली आहे. थडग्यांत राहणं, तोडून टाकलेल्या बेड्या, रात्रंदिवस ओरडणं, दगडांनी स्वतःचं अंग ठेचून घेणं. पण ही हकिगत जाऊन सांग, असं प्रभू म्हणाला नाही. ज्यांच्यात तो परतणार होता त्यांना ती पाठच होती. बेड्या घालणारे हात त्यांचेच. त्यांना माहीत नव्हतं ते एवढंच, की याला सोडवलं कोणी आणि कशासाठी.

मुंबईत नायगावच्या बीडीडी चाळीत ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. १९२० च्या दशकात इथे ४२ इमारती बांधल्या गेल्या. एकेका मजल्यावर वीस खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची, शौचालयं सामायिक. कोण रात्री झोकांड्या खात आला, कोणाच्या घरी भांडी आदळली, कोणाच्या दारात उधारीवाला उभा राहिला, हे इथे लपत नाही. अशाच एखाद्या खोलीत संध्याकाळी घरगुती प्रार्थनासभा भरते. वयस्कर मंडळी पलंगावर, बाकीचे चटईवर, उशिरा आलेले दाराबाहेर पॅसेजमध्ये. गीत होतं, प्रार्थना होते, आणि पाळक म्हणतात, "आता आपले एक बंधू साक्ष देतील."

बंधू उभे राहतात. दारू किती प्यायचे, मटक्यावर किती पगार उडवला, रागाच्या भरात घरात काय काय केलं, हे सांगताना त्यांच्या आवाजात जोर येतो. ऐकणारेही पुढे सरसावतात. वीस मिनिटं होतात. मग आठवण झाल्यासारखं ते म्हणतात, "पण प्रभूने मला वाचवलं, त्याची स्तुती असो," आणि खाली बसतात. इतका वेळ त्यांची पत्नी पदराचं टोक बोटाला गुंडाळत जमिनीकडे बघत असते. दहावीतली मुलगी मध्येच उठून मोरीपाशी जाते आणि चहा अजून व्हायचा असताना कप विसळत बसते.

ज्या रात्रींचं वर्णन चाललेलं असतं, त्या रात्री या दोघींच्याही होत्या. मार त्यांनी सोसला, उपाशी त्या झोपल्या. सांगणाऱ्याला क्षमा मिळालेली आहे, म्हणून तो मोकळेपणाने बोलू शकतो. पण उद्या सकाळी पॅसेजमधून पाण्याची बादली घेऊन जाताना लोकांच्या नजरा झेलायच्या त्या घरच्यांनी. आपलं पाप सहसा एकट्याचं नसतं. ते चारचौघांत उघडं करताना आपण दुसऱ्याची जखमही उघडी करत असतो, आणि तसं करण्याची परवानगी आपण त्याला विचारलेली नसते.

याचा अर्थ भूतकाळ झाकून ठेवावा, असा मुळीच नाही. पौलाने तो झाकला नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात तो आपण देवाची निंदा करत होतो, मंडळीचा छळ करत होतो, जुलूम करत होतो, हे स्पष्ट लिहितो. पण ते एका वचनात आटोपतं. नंतर दया, कृपा, ख्रिस्ताची सहनशीलता यांवर तो रेंगाळतो, आणि शेवटी त्याला राहवत नाही, तेव्हा पत्र लिहिता लिहिताच देवाचं गौरव गाऊ लागतो. कृपा किती खोलवर पोहोचली हे कळण्यापुरतंच पाप त्याच्या साक्षीत येतं. त्याहून एक शब्द अधिक नाही.

आणि केलेल्या नुकसानीचं काय? त्याचं उत्तर जकातदार जक्कयाने दिलं आहे. कोणाकोणाला कसं फसवलं, याचे किस्से त्याने प्रभूला ऐकवले नाहीत. ज्याचं अन्यायाने घेतलं असेल त्याला चौपट परत करतो, असं म्हणाला. भूतकाळाचा हिशोब ज्यांचं देणं लागतो त्यांच्याशीच करायचा असतो. पत्नीपाशी बसून मागितलेली माफी, मुलीच्या फीचे वेळेवर भरलेले पैसे, मित्राची परत केलेली उसनवारी, हे सगळं सभेत न सांगताही देवाच्या दृष्टीस पडतं. ज्या घरात हे झालं, त्या घरातल्या माणसाची साक्ष शेजारीपाजारी आपणहून देतात.

पापाच्या वर्णनावर साक्ष उभी राहिली, की आणखी एक नुकसान होतं. ख्रिस्ती घरात जन्मलेली, संडे स्कूलमध्ये वचनं पाठ केलेली, कधी फारशी वाट न चुकलेली तरुण मुलगी गप्प राहते. तिला वाटतं, सांगण्यासारखं माझ्यापाशी काही नाही. तीमथ्याजवळ तरी सनसनाटी काय होतं? त्याच्या आजी लोईस आणि आई युनीके यांच्यापासून चालत आलेला विश्वास पौलाने मोठ्या आदराने नोंदवला आहे. पडलेल्याला उचलणं ही जशी कृपा, तशी पडू न देणं हीसुद्धा कृपाच. "देवाने मला लहानपणापासून सांभाळलं," एवढं त्या मुलीने म्हटलं, तरी ती पुरी साक्ष आहे.

आपल्या मराठी मंडळीला या बाबतीत फार मोठा वारसा आहे. पंडिता रमाबाईंनी १९०७ मध्ये आपली साक्ष लिहिली. दुष्काळातली पायपीट, उपासमार, आईवडिलांचा मृत्यू, सगळं त्यात आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतरही आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा राहिला होता, हेही त्या निर्भीडपणे सांगतात. पण लिखाणाला नाव देताना त्यांनी आपलं दुःख पुढे केलं नाही. देवापाशी मिळालेल्या, कधीही न सरणाऱ्या ठेव्याची साक्ष, असं त्याला म्हटलं.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये याच मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असं ते म्हणत. ख्रिस्ताची थोरवी गाण्यासाठी त्यांना मागे सोडलेल्या घरावर चिखल उडवावा लागला नाही. उलट तिथलेच अभंग आणि कीर्तन त्यांनी प्रभूच्या सेवेला लावले. नायगावात हे विशेष लक्षात ठेवायला हवं. एका भिंतीपलीकडे आरती चालू असते, दुसऱ्या भिंतीपलीकडे बुद्धवंदना. आपल्या साक्षीत शेजाऱ्याच्या श्रद्धेचा उद्धार होऊ लागला, तर त्याच्या कानी फक्त अपमान पडेल. ख्रिस्ताचं प्रेम त्याच्यापर्यंत पोहोचणारच नाही.

म्हणून साक्ष द्यायला उभं राहण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, घरच्यांना विचारावं, "मी हे हे सांगणार आहे, चालेल ना?" त्यांनी मान हलवली नाही, तर तो भाग गाळावा. साक्षीत काही उणं पडत नाही. दुसरी, बोलायचं ते मनात एकदा म्हणून पाहावं आणि स्वतःला विचारावं, हे ऐकून घरी जाताना लोकांच्या ओठांवर कोणाचं नाव असेल? माझं असेल, तर पुन्हा बसून विचार करावा. पूर्वीचं दोन वाक्यांत आटोपावं. बाकीचा वेळ देवाने काय केलं याला द्यावा, आणि तेही जुन्या दिवसांपुरतं नको. या आठवड्यात त्याने काय केलं, आज सकाळी कशाला पुरून उरला, तेही सांगावं. देव पूर्वी एकदाच भेटून गेलेला नाही.

तो बरा झालेला माणूस आज्ञेप्रमाणे निघाला आणि दकापलीसभर येशूने आपल्यासाठी काय केलं ते सांगत सुटला. ऐकणारे सगळे थक्क झाले, असं मार्क लिहितो. त्याच प्रभूने आपल्यालाही आपल्याच माणसांत पाठवलं आहे. त्यांना आपण चांगले माहीत आहोत. त्यांना आता तो माहीत व्हायला हवा.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, आमच्या पापांपेक्षा तुझी कृपा मोठी आहे, हे आमच्या बोलण्यातून दिसू दे. ज्यांना आम्ही दुखावलं त्यांची माफी मागण्याचं धैर्य आम्हाला दे, आणि आमच्या ओठांवर तुझ्या उपकारांची आठवण ताजी ठेव. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.