ठराव आणि आचरण

सज्जनहो, महाड-पोलादपुराकडे कीर्तनाला उभे राहिलो की आम्ही चवदार तळ्याची गोष्ट सांगतो. महाड नगरपालिकेने १९२४ साली हे तळे सर्वांस खुले करण्याचा ठराव केला. पण अस्पृश्यांना त्यात ओंजळ घालता येईना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी अनुयायांसह ते पाणी प्राशन केले. मागाहून सनातनी मंडळींनी शेण-गोमूत्र ओतून तळे ‘शुद्ध’ केले! आता सांगा, पाणी घाण कुणी केले?

नियम करणे सभेचे काम, पाळणे ज्याचे त्याचे. आजही नदीत केरकचरा लोटणारा म्हणतो, ‘माझ्या एकट्याने काय होणार?’ अहो, तेव्हा काठावर गप्प राहिलेलेही असेच म्हणाले असतील. जाब सभेला नव्हे, ज्याचा त्यालाच द्यावा लागतो.