नाव लावावे की न लावावे?

पोटासाठी पत्करलेल्या कामाला मनुष्याने आपले नाव द्यावे काय? प्रश्न वरकरणी किरकोळ. पण जपानमधील एका कारखान्याच्या बाल्यावस्थेची हकीकत वाचल्यापासून तो आमची पाठ सोडीत नाही.

युद्धात होरपळलेल्या टोकियोत मासारू इबुका यांनी १९४५ साली रेडिओ-दुरुस्तीचे दुकान मांडले. मे १९४६ मध्ये अकिओ मोरिता यांच्या साथीने त्याची रीतसर कंपनी झाली. भांडवल १,९०,००० येन, माणसे वीसेक. इबुकांनी संकल्पपत्रात मुक्त, उल्हसित वातावरणाचा आदर्श कारखाना रेखाटला होता. प्रत्यक्षात हातून घडले काय, तर विजेवर भात शिजविण्याचे एक लाकडी भांडे! त्यातला भात कधी कच्चा राही, कधी अति शिजे. ते विक्रीस गेलेच नाही. मग निघाली विजेने तापणारी गादी. तिची उष्णता आवरण्याची सोयच नव्हती. पांघरुणे करपल्याच्या तक्रारी आल्या. तरी टंचाईच्या त्या दिवसांत ती खपली उत्तम. मात्र कंपनीने तिला आपले नाव दिले नाही. ‘गिन्झा नेस्सुरू शोकाई’ या निराळ्याच नावाने ती विकली.

याला कोणी स्वाभिमान म्हणतील. ज्या कामाचा अभिमान नाही त्यावर नाव घालू नये, हे कारागिराला शोभतेच. वीस माणसांचा पगार भागवायचा असता गादी केली, यातही आम्हांस दोष दिसत नाही. उपाशी माणसास नीती शिकविणे फार सोपे असते. परंतु ज्याचे पांघरूण करपले त्याने जावे कोणाकडे? नाव हा नुसता मान नव्हे, तो पत्ताही आहे. आम्हां कारकुनांचे क्षुल्लक टिपणसुद्धा आद्याक्षरांवाचून पुढे सरकत नाही, ते काही आमच्या गौरवासाठी नव्हे!

१९५५ साली अमेरिकेतील बुलोव्हा कंपनीने एक लाख रेडिओंची मागणी केली. अट एवढीच, की वर नाव बुलोव्हाचे असावे. मोरितांनी ती नाकारली. हा बाणेदारपणा सर्वत्र वाखाणला जातो, आणि १९५८ मध्ये जिने ‘सोनी’ हेच नाव धारण केले त्या कंपनीस तो साजतोही. आम्हांस मात्र अधिक मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट: त्या निनावी गादीची हकीकत कंपनीने पुढे स्वतःच्या इतिहासात आपल्या नावावर नोंदविली, करपलेल्या पांघरुणांसकट.